दिवस भरत आलेत आणि दिवाळीला गावी जायचंय? सांगली-साताऱ्याकडच्यांसाठी

संसार पुण्यात, सासर तासगाव तालुक्यात, माहेर कराडच्या बाजूला आणि बाळाची तारीख दिवाळीच्या आगेमागे. अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. सासूबाई म्हणतात, "इथंच ये, हात धरायला माणसं आहेत." आई म्हणते, "आठवा लागला की जागचं हलू नको." नवरा म्हणतो, "तू म्हणशील तसं," म्हणजे निर्णय पुन्हा आपल्याच गळ्यात. मी यातून गेले, माझ्यानंतर दोन जावा आणि एक मावसबहीण गेली. त्यांना जे तोंडी सांगत आले ते इथं क्रमानं लिहिते.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आधी दवाखाना ठरवायचा, मग घर आणि मग सण. बहुतेक घरांत हे नेमकं उलटं चालतं.

१. महिने नकोत, आठवडे मोजा

घरातली मोजणी "आठवा सरला, नववा लागला" अशी चालते आणि तीत प्रत्येकाचा हिशोब पंधरा दिवसांनी वेगळा असतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवले की ४० आठवड्यांची तारीख मिळते. ३७ आठवडे पूर्ण झाले की दिवस भरले. नेमक्या तारखेला फार थोडी मुलं येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दोन आठवडे मोकळे धरा.

कॅलेंडर घ्या आणि वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत प्रत्येक दिवसावर आठवडा लिहून टाका. दिवाळी ३३-३४ व्या आठवड्यात येत असेल आणि सगळं ठीक असेल, तर डॉक्टर सहसा हरकत घेत नाहीत. ३६ च्या पुढं गेलं की जिथं बाळंतपण होणार त्या गावातच असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळी पुढच्या वर्षीही आहे.

निघायच्या आठवड्यात एकदा तपासून घ्या आणि थेट विचारा: रक्तदाब किती आहे, वार (प्लॅसेंटा) खाली आहे का, रक्तातली साखर कशी आहे, बाळाची वाढ बरोबर आहे का? वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, जुळी असतील, रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर जात असेल, आधीचं बाळंतपण वेळेआधी झालं असेल, तर जायचं की नाही यावर घरात चर्चाच ठेवू नका. डॉक्टरांचं वाक्य सासूबाईंना फोनवर ऐकवा. आपण सांगितलं की तो हट्ट होतो, डॉक्टरांनी सांगितलं की घरातलं कुणी वाद घालत नाही.

२. दवाखाना ठरवा, आणि तो दिवाळीत उघडा आहे का ते विचारा

लोक इथंच फसतात. दवाखाना चांगला असतो, डॉक्टरही चांगले असतात, पण लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत डॉक्टर स्वतःच गावाला गेलेले असतात. माझ्या ओळखीतल्या एकीला पाडव्याच्या रात्री दवाखान्याच्या दारात "मॅडम सोमवारी येतील" हे ऐकायला मिळालं. मग पुढचा दवाखाना शोधत फिरणं आलं.

म्हणून नाव घालण्याआधी हे विचारा:

- दिवाळीच्या पाचही दिवसांत रात्री कोण डॉक्टर असेल? नाव आणि नंबर घ्या.
- भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ दवाखान्यात असतात की बाहेरून बोलावतात? बाहेरून असतील तर ते तरी गावात आहेत का?
- रक्त लागलं तर कुठून आणतात?
- बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर सोय इथं आहे की दुसरीकडं पाठवतात?
- सोनोग्राफी आणि लॅब कोणत्या दिवशी बंद?

सांगलीकडच्यांना मिरजेचा मोठा आधार आहे. १८९४ साली वानलेस डॉक्टरांनी तिथं मिशन दवाखाना काढला, तेव्हापासून मिरज दवाखान्यांचंच गाव आहे. खासगी दवाखाने गल्लोगल्ली, शिवाय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे. कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आणि मलकापूरला कृष्णा रुग्णालय, साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय. खासगीत नाव घातलं असलं तरी यातलं आपल्याला जवळचं कोणतं, ते घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

अंतराचा विचार किलोमीटरात करू नका, रात्री दोन वाजता लागणाऱ्या वेळात करा. मिरजेच्या जवळ राहणारीला काळजी कमी. पण गाव जत-आटपाडीच्या आत असेल, किंवा पाटण-जावळीच्या डोंगरात असेल, तर शेवटच्या महिन्यात तालुक्याच्या गावी किंवा त्याहून पुढं नातेवाइकांकडं मुक्काम हलवलेला बरा.

३. घर एकच निवडा

सासरी लक्ष्मीपूजन, पाडव्याला चुलतसासऱ्यांकडं जेवण, भाऊबीजेला माहेर, वाटेत आत्याबाईंचं घर. हा दरवर्षीचा फेरा यंदा नको. एका घरी बसा, बाकीच्यांना तिथं येऊ द्या.

रीतिरिवाज इथं आपल्या बाजूनं आहेत, फक्त ते वापरायला हवेत. भाऊबीजेला भावानं बहिणीकडं यायचं हीच मूळ रीत, आपणच सोयीसाठी माहेरी जायला लागलो. तेव्हा "दादा, यंदा तू ये" हे म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. "आठव्यात प्रवास नको" हे तर आजेसासूबाईंचंच वाक्य. ते त्यांच्याच तोंडून चारचौघांत वदवून घ्या, काम झालं. पहिलं बाळंतपण माहेरी ठरलं असेल तर डोहाळजेवणानंतरच तिकडं जाऊन राहिलेलं उत्तम. मग दिवाळीही आपोआप माहेरची होते आणि सासरची मंडळी ओटीचं सामान घेऊन हौसेनं येतात.

घर निवडताना संडास बघा. मी हे मुद्दाम ठळकपणे लिहिते, कारण हे कुणी बोलत नाही. नवव्या महिन्यात रात्रीतून चार-पाच वेळा उठावं लागतं. संडास परसात असेल, वाटेत दोन पायऱ्या आणि शेवाळलेली फरशी असेल, बसायचं भांडं भारतीय पद्धतीचं असेल, तर ते घर कितीही मायेचं असो, राहायला सोयीचं नाही. कमोडची खुर्ची मेडिकलच्या मोठ्या दुकानांत मिळते, काही ठिकाणी भाड्यानंही मिळते. वाटेवर रात्रभर दिवा, आणि पायात घट्ट बसणारी चप्पल.

४. प्रवास

दिवाळीच्या आदल्या दोन दिवसांत पुण्याहून खाली येणारी वाट म्हणजे खंबाटकीच्या घाटात तासन्‌तास अडकणं. टोलनाक्यांवर रांगा असतातच. वसुबारसेच्या निदान तीन-चार दिवस आधी, आठवड्याच्या मधल्या वारी, पहाटे निघा. परतीची घाई भाऊबीजेच्या संध्याकाळी करू नका.

रात्रीचा प्रवास टाळण्याला आपल्याकडं आणखी एक कारण आहे. याच सुमारास उसाचा गळीत हंगाम सुरू व्हायला लागतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागं साधा लाल दिवाही नसतो. पेठ नाक्यावरून आष्ट्याकडं वळलात की हे हमखास दिसतं.

गाडीत पट्टा लावायचाच. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या सांध्यावर, आणि वरचा छातीच्या मधून. "पोट दाबेल" म्हणून न लावणं जास्त धोक्याचं. दर तासा-दीड तासानं उतरून पाच मिनिटं चाला. सलग बसल्यानं पायात रक्ताची गाठ व्हायची भीती गरोदरपणात वाढते. पाणी कमी पिऊन लघवी टाळायची युक्ती करू नका.

रेल्वे मला स्वतःला गाडीपेक्षा बरी वाटली, कारण संडास जवळ असतो आणि उठून चालता येतं. मुंबई-पुण्याहून कोयना दिवसाची, महालक्ष्मी रात्रीची. दोन्ही सातारा, कराड, सांगली, मिरज करत जातात. गरोदर बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. तिकीट काढताना तो मागा आणि डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवा. साताऱ्याला उतरणार असाल तर स्टेशन माहुलीला आहे, शहरात नाही. न्यायला कोण येणार ते आधीच ठरवा. एसटीत अर्धं तिकीट असलं तरी दिवाळीच्या गर्दीत आठव्या-नवव्या महिन्यात एसटी नको. जागा मिळाली तरी धक्के चुकत नाहीत.

५. पिशवी आणि कागद

कपड्यांची बॅग घरातलं कुणीही भरेल. कागदांची फाईल स्वतः लावा आणि तिचे फोटो नवऱ्याच्या आणि आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा.

- माता-बाल संरक्षण कार्ड
- सगळ्या सोनोग्राफींचे रिपोर्ट, नुसता शेवटचा नव्हे
- रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, कावीळ-बी यांचे रिपोर्ट
- तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी: किती आठवडे, काय औषधं, काही धोका आहे का
- दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड, बँकेच्या पासबुकाची प्रत
- विमा असेल तर पॉलिसी. बाळंतपणाला प्रतीक्षा काळ असतो आणि गावाकडचा दवाखाना विम्याच्या यादीत असेलच असं नाही. फोन करून विचारा.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते फाईलच्या वरच मोठ्या अक्षरात लिहा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, आणि सणात ते लहान गावातल्या मेडिकलात मिळेल याची खात्री नसते.

गोळ्या दहा दिवस जास्तीच्या घ्या. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नको. दिवाळीच्या घरात दर पाहुण्यामागं एक चहा होतो, म्हणून हे सांगितलं. थोडी रोख रक्कम ठेवा, सणात एटीएम रिकामी होतात.

६. पोचल्या दिवशी करायची कामं

फराळाच्या डब्याकडं जाण्याआधी हे उरकून घ्या.

गावातल्या आशाताईंना भेटा. त्यांना तालुक्यात कुठं डॉक्टर हजर आहे हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. सरकारी दवाखान्यात जायला-यायला गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी मोफत असते, तातडीच्या वेळी १०८. दोन्ही नंबर भिंतीवर लिहा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. मुक्कामात ती तारीख येत असेल तर जाऊन या, म्हणजे तिथल्या कागदावर तुमचं नाव चढतं.

गाडी कुणाची आणि चालवणार कोण, ते नावानिशी ठरवा. दिवाळीत चार भाऊ एकत्र आले की रात्री कोण गाडी चालवायच्या स्थितीत असेल हा प्रश्न खरा असतो. तो हसण्यावारी नेऊ नका. एक माणूस ठरवा, आणि त्याची बैठक यंदा कोरडी. तसंच अंगणात पाहुण्यांच्या गाड्या एकामागं एक लागतात. तुमची गाडी सगळ्यांत बाहेर, तोंड रस्त्याकडं, टाकी भरलेली.

७. फराळ

काम करायला हरकत नाही, उलट नुसतं बसून राहिलं की पाय सुजतात आणि डोकं फिरतं. प्रश्न बसण्याचा आहे. खाली बसून दोन-दोन तास चकल्या पाडणं, चुलीसमोर तळत बसणं ही कामं सोडा. टेबल-खुर्चीवर बसून करंज्या भरा, शंकरपाळी कापा, लाडू वळा. मला करंज्यांना मुरड घालायचं काम मिळालं होतं आणि ते माझ्याकडं अजून आहे, कारण जाऊबाईंना ते कधीच आवडत नव्हतं.

खाण्याचं म्हणाल तर पोट वर सरकलेलं असतं, त्यामुळं भरपेट जेवलं की जळजळ ठरलेली. थोडं थोडं खा, जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका. साखर वाढलेली असेल तर अनारसे आणि लाडू "एकानं काय होतंय" म्हणत दिवसाला सहा होतात. आपली ताटली वेगळी काढून घ्या, एवढंच चालतं. मूठभर भाजके शेंगदाणे, ताक, भाकरी-भाजी हे रोजचं जेवण सणातही सोडू नका. शिळं, उघड्यावरचं आणि कच्चं दूध नको. "तूप प्यायलं की सुटका सोपी होते" याला काही आधार नाही. आजी प्रेमानं वाटी पुढं करेल, एक चमचा भातावर घ्या आणि वाटी परत करा.

८. पहिली अंघोळ, रांगोळी, फटाके

नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांच्या अंगाचं तेल न्हाणीत सांडलेलं असतं. शेवटी अंघोळीला गेलात तर ती फरशी म्हणजे बर्फ. एक तर सगळ्यांत आधी जा, नाहीतर उजाडल्यावर फरशी घासून घेऊन जा. पाटाऐवजी प्लॅस्टिकचं स्टूल, पाणी कोमट, दार आतून कडी न लावता. बंबाचा धूर कोंडलेला असेल तर बाहेर या.

रांगोळी उभ्यानं काढता येत नाही. नणंदेला काढू द्या, तुम्ही रंग सांगा.

फटाक्यांचा धूर टाळायचा तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खिडक्या लावून मागच्या खोलीत बसा. दम्याचा त्रास असेल तर इनहेलर हाताशी हवा. दसऱ्याच्या सुमारास तासगाव तालुक्यात असाल तर कवठे एकंदची शोभेची दारू बघायला नेण्याचा आग्रह होईल. ती गर्दी आणि तो धूर यंदा नाही.

९. माणसं

पाहुण्यांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "काय सांगितलं सोनोग्राफीत?" उत्तर सरळ द्या: मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे, १९९४ पासून कायदा आहे. एकदा ठणकावलं की पुन्हा कुणी विचारत नाही. दुसरा, "पोट खाली उतरलंय, मुलगाच." यावर हसावं आणि पाणी प्यायला उठावं. तिसरा, "अजून नाही का झाली?" हा तारीख उलटल्यावर दिवसातून दहा फोनवर येतो. फोन नवऱ्याकडं द्या.

दुपारी दोन तास दार लावून झोपणं हे तुमचं ठरलेलं काम असू द्या, आणि दारावर राखण करायला घरातलं एक माणूस हवं. आमच्याकडं धाकट्या जाऊबाई होत्या. सून स्वतः "नको" म्हणाली की ते लागतं, त्यांनी म्हटलं की कुणाला लागत नाही. रात्री हॉलमध्ये सगळ्यांच्या रांगेत गादी नको. पलंग, कुशीवर झोपायला दोन उशा, संडासाजवळची खोली.

१०. कधी उठून निघायचं

घर भरलेलं असलं की स्वतःच्या शरीराकडं लक्ष राहत नाही, म्हणून रोज एका ठरावीक वेळी, जेवणानंतर, कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजा. दोन तासांत दहा हालचाली जाणवायला हव्यात. कमी वाटल्या तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

पुढच्यातलं काहीही झालं तर पूजा अर्ध्यावर सोडून निघा: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं (कळा नसल्या तरी), जोरात डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी किंवा चमका, चेहरा आणि हात अचानक सुजणं, बरगडीखाली सतत दुखणं, ताप, झटके (फिट) येणं. "गॅस झाला असेल, ओवा खा" हे या यादीला लागू नाही.

कळांचं असं: पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघा असं साधारण सांगतात. दवाखाना तासाभराच्या अंतरावर असेल तर कळा दर दहा मिनिटांनी यायला लागल्या की लगेच निघा. दुसरं बाळंतपण असेल तर त्याहूनही आधी.

११. बाळ दिवाळीतच आलं तर

भावकीत सोयर धरतात, म्हणून लक्ष्मीपूजनाआधी बाळंतपण झालं तर पूजेचं काय, ही कुजबुज होते. एखादी वडीलधारी बाई तोंडावरही बोलून दाखवते. हे तुम्ही अजिबात मनावर घेऊ नका. पूजा शेजारी करतात, दुसऱ्या घरी होते, दरवेळी काहीतरी मार्ग निघतोच.

बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्या, चीक पाजा. मध, गुटी, साखरपाणी काही नाही, सहा महिने फक्त आईचं दूध. जन्मल्यावरच्या बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बीच्या लसी सुट्टी आहे म्हणून राहू देऊ नका. कावीळ-बीची २४ तासांत द्यायची असते. बाळ बघायला येणाऱ्यांना हात धुवायला सांगा. फटाके उडवून थेट आलेल्या भाच्यांना कपडे बदलूनच खोलीत घ्या.

जन्माची नोंद जिथं बाळ जन्मलं तिथंच होते. मिरजेत जन्म झाला तर सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत, पुण्यात नाही. २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. दवाखाना कळवतो, पण आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणं आहे ना हे डिस्चार्जच्या आधी फॉर्मवर बघून घ्या. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद थांबत नाही, ते नंतर घालता येतं. पहिल्या बाळासाठीच्या मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसऱ्या हप्त्याला हीच जन्मनोंद आणि लसीकरणाचं कार्ड लागतं, म्हणून पुण्याला परतण्याआधी दाखल्याच्या चार प्रती काढून घ्या.